सोमवारचं जेवण

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांची खरी घाई सुरू होते. जूनच्या आत माल गावोगावी पोचायला हवा, म्हणून मार्चपासूनच मशिनं दिवस मावळेपर्यंत थांबत नाहीत. शिवलीला अशाच एका कारखान्यात कॉलर लावायच्या मशीनवर बसायची. कारखाना म्हणजे अक्कलकोट रोडच्या आतल्या गल्लीतली पत्र्याची लांबट शेड, तिच्यात समोरासमोर मशिनांच्या दोन ओळी, आणि वरची गरम हवा खाली ढकलणारे पंखे. वळसंगहून लग्न होऊन आली तेव्हा तिला साडीला साधा फॉल लावता येत नव्हता. आता ती सेहेचाळीस वर्षांची झाली होती आणि निम्मं आयुष्य त्या शेडमध्ये गेलं होतं.

घरी माणसं मोजकीच. नवरा सोमशेखर कापडाच्या दुकानात, गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडायच्या कामाला. सासू ईरम्मा पंच्याहत्तरीच्या पुढची, कानडी ढंगाचं मराठी बोलणारी, अजून स्वतःची भाकरी स्वतः थापणारी. एकुलता एक मुलगा गुरुशांत पुण्यात एका कंपनीत लागलेला.

शिवलीलाचे सोमवार या गुरुशांतपायीच सुरू झाले होते. तो तीन वर्षांचा असताना त्याच्या मेंदूत ताप गेला. पोर डोळे फिरवायला लागलं, डॉक्टरही काही सांगेनात. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून तिने सिद्धरामेश्वराला हात जोडले, "माझं पोरगं उठू दे, जन्मभर तुझे सोमवार धरते." पोरगं उठलं. ती बोलल्याला जागली. पुढे शेजारणीच्या नादाने गुरुवार आला, सासरे आजारी पडले तेव्हा प्रदोष आला, श्रावण तर होताच. सुरू केलेला उपवास सोडायचा कसा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे एकाला एक लागून ते वाढतच गेले.

खरं सांगायचं तर सोमवार तिला आवडायचा. सकाळी चहा, दुपारी चहा, संध्याकाळी दिवा लावल्यावर एखादं केळं. सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्यापुरतं काय उरलंय ते बघत बसायला नको. शेडमधल्या बायका म्हणायच्या, "आज शिवलीलाचा सोमवार आहे, तिला त्रास देऊ नका." वर्षाचे बाकीचे दिवस तिच्याबद्दल असं कुणी काही म्हणत नसे.

चव्वेचाळिशी उलटली आणि पाळीचं तंत्र बिघडलं. आधी ती लवकर लवकर यायला लागली. मग दोन महिने गायब झाली. शिवलीलाला वाटलं, सुटले. आणि तिसऱ्या महिन्यात जी आली ती कालव्याचा पाट फुटल्यासारखी. ती गडद रंगाच्या साड्याच नेसायला लागली. स्टुलावर कटिंगमधल्या चिंध्यांची घडी घालून बसायची आणि उठताना आधी मागे हात फिरवून बघायची. कधी कॉलरचं टोक वळवता वळवता पोटातून एक वाफ उठायची, छातीवरून मानेवर, मानेवरून कानांपर्यंत, आणि ब्लाउज भिजून जायचं. पण एप्रिलच्या सोलापुरात पत्र्याखाली बसलेल्या बाईने घाम येतोय म्हणून तक्रार कुणाकडे करायची? तिलाही वाटायचं, उन्हाळाच असेल. मग पौषातही तसंच व्हायला लागलं, तेव्हा तिने वाटून घेणंच सोडून दिलं.

एवढे उपवास करूनही अंग मात्र सुटत होतं. पोट पुढे आलं, दंडात ब्लाउज रुतायला लागलं. एका लग्नात जावेने चारचौघींत तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "उपास मानवलेत गं तुला!" सगळ्या हसल्या. शिवलीलाही हसली. पण ते बोलणं मनाला कुसळासारखं लागून राहिलं.

त्याच सुमाराला शेडमध्ये समोर बसणाऱ्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. सोळा तास काही खायचं नाही, आठ तासांत काय ते खायचं, चरबी झडते, हार्मोन जागेवर येतात. सांगणारी बाई तिशीच्या आतली, सडपातळ, मागे हिरवीगार कुंड्यांची रांग. शिवलीलाला ते सोपं वाटलं. उपाशी राहणं तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने रात्रीचं जेवण बंद केलं. सकाळी डबे भरायच्या गडबडीत तसंही काही पोटात जात नसे. राहिली दुपारची एक भाकरी, आणि सोमवारी-गुरुवारी तीही नाही.

महिन्याभरात केस विंचरले की गुंता हातात यायला लागला. जिना चढताना छातीत धडधडायचं. बसल्या जागी झोप येई आणि अंथरुणावर पडलं की डोळे उघडे. स्वभाव तर असा झाला की तिचा तिलाच ओळखू येईना. शेजारी काजबटणाला बसणारी सुगराबी, ज्यांना सगळ्या आपा म्हणायच्या, त्या एकदा सहज म्हणाल्या, "तोंड का असं पांढरंफटक पडलंय बाई तुझं?" तर शिवलीला तिच्यावर खेकसली, "तुमची बटणं बघा की आपा, माझं तोंड कशाला बघता?" शिवलीलाला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता.

तिच्या बोटात सुई गेली तो दिवस सोमवार होता. दुपारची वेळ, पंखे घरघरत होते, समोर पांढऱ्या शर्टांचा ढीग. तिने कॉलर दाबपट्टीखाली सरकवली आणि पांढऱ्या कापडाचा रंग हळूहळू करडा होत गेला. पाय पायडलवर होता, तो तसाच राहिला. सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली आणि आत तुटली. ओरडली ती समोरची मुलगी. शिवलीला मशीनवर डोकं टेकून पडली होती.

मालकाने रिक्षा बोलावली. तिच्याबरोबर सुगराबी निघाल्या. चौकातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, शिवलीलाच्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सकाळपासून पेशंट बघून आवाज बसलेला. त्यांनी सुईचा तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. मग तिची खालची पापणी ओढून बघितली, दुसऱ्या हाताची नखं दाबून बघितली.

"पाळी येते?" त्यांनी विचारलं.

"येते की."

"किती जाते अंगावर?"

शिवलीला पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघत राहिली. तेव्हा सुगराबीच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, लई जाते. मी रोज बघते. स्टुलावर चिंध्या टाकून बसते ही."

शिवलीलाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, कुणाला कळत नाही.

रक्त तपासायला दिलं, सोनोग्राफी झाली. संध्याकाळी आलेले रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाराच्या वर हवं ते रक्त सातसुद्धा भरत नव्हतं. "अशा रक्तावर तुम्ही दिवसभर मशीन चालवता?" त्या म्हणाल्या. गर्भाशयात छोटीशी गाठ होती, पण भिण्यासारखी नव्हती. थायरॉइड ठीक होतं.

"हे वयच असं आहे," त्या म्हणाल्या. "अंडाशय थकत येतात. हार्मोन एक महिना वर, एक महिना खाली. म्हणून पाळी अशी, वाफा अशा, चिडचिड अशी. ते आपल्या हातात नाही. पण तुम्ही वरून उपाशी राहताय. अंगावरून एवढं जातंय आणि पोटात काही येतच नाही, मग रक्त बनणार कशातून?"

"पण वजन वाढतंय ना," शिवलीला म्हणाली.

"उपाशी माणसाचं आधी मांस झडतं, बाई, चरबी नंतर. पोट तसंच राहतं आणि दंडातला जोर जातो. तुमचं तेच झालंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रक्तस्राव कमी व्हायच्या गोळ्या, लोहाचं सलाईन, नंतर लोहाच्या गोळ्या. चहा जेवणाबरोबर नाही, गोळीबरोबर तर नाहीच. डाळ, उसळ, पालेभाजी, दही, खात असाल तर अंडी. आणि शेवटी, "सहा महिने उपास बंद. एकही नाही."

"सोमवारसुद्धा?"

"सोमवारसुद्धा."

शिवलीलाने दबकत विचारलं, "पिशवी काढून टाकली तर? आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हणतात, काढून टाक, कटकट मिटते."

"उगीच का काढायची? बरोबर अंडाशयही गेलं, तर हे सगळं एकदम अंगावर येतं, हाडंही ठिसूळ होतात. आधी औषध तर घेऊन बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

बाहेर बाकावर दोघी रिक्षाची वाट बघत बसल्या. शिवलीला म्हणाली, "आपा, मागच्या महिन्यात मी तुम्हाला वाकडं बोलले."

"जाऊ दे गं," सुगराबी म्हणाल्या. "तुझ्या वयात मी तर आमच्या ह्यांच्यावर तांब्या फेकला होता." मग म्हणाल्या, "रमजानमध्ये पाळीत रोजे सुटायचे, ते नंतर भरून काढायचे असतात. पण त्या दोन-तीन सालांत पाळी कधी यायची, कधी जायची, कायबी हिशेब लागंना. सुटलेले रोजे साचतच गेले. लई रडायची मी. मग माझी मोठी बहीण म्हणाली, बीमार को छूट है, तू बीमार है. मला तोवर कुणी बीमार म्हटलंच नव्हतं बघ."

घरी आल्यावर शिवलीलाने सोमशेखरला सगळं सांगितलं. सांगताना तिच्या मनात धाकधूक होती. सोमवार सोडायचा म्हणजे घरात काहीतरी होणार, सासू बोलणार, नवरा विचारात पडणार. सोमशेखरने चप्पल काढता काढता ऐकलं आणि म्हणाला, "मग जेव की सोमवारी. कोण नको म्हणतंय?"

एवढंच. त्याने पाय धुतले आणि टीव्ही लावला.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. तिला रडू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. इतकी वर्षं जे सांभाळून धरलं, ते खाली ठेवताना कुणाची मानसुद्धा वळली नाही.

त्याच आठवड्यात गुरुशांतचा फोन आला. सोमशेखरने त्याला कळवलं होतं. तो घाबरला होता, पुण्याला ये, इथे मोठ्या डॉक्टरांना दाखवू म्हणत होता. ती म्हणाली, "तसलं काही नाही रे. फक्त तुझे सोमवार सोडावे लागणार."

"माझे सोमवार? म्हणजे?"

"तुला मेंदूत ताप आला होता ना लहानपणी. तेव्हा बोलले होते मी देवाला."

तो म्हणाला, "आई, मला माहीतच नव्हतं. मला लहानपणी वाटायचं, तुला सोमवारी भूकच लागत नाही."

तिला हसू आलं. मग त्या हसण्याचंच काहीतरी भलतं झालं आणि तिने फोन सासूच्या हातात दिला.

ईरम्मा मात्र घुश्शात होती. दोन दिवस ती सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शिवलीला कॉटवर पडली होती, बोटाला पट्टी, हाताला सलाईनच्या सुईचा हिरवा डाग. ईरम्मा पायाशी येऊन बसली.

"बाईच्या जातीला ह्ये चुकलंय व्हय? आमाला काय झालं न्हवतं?" ती म्हणाली. "आमी न्हाय का उपास केले?"

शिवलीलाला भांडायचं बळ नव्हतं. तिने नुसतं विचारलं, "आत्ती, तुमची पाळी कधी गेली?"

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"गेली कुटं?" ती म्हणाली. "काडली. चाळिशी बी झाली न्हवती माजी. अंगावर पांढरं जायाचं म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणला, पिशवी सडली हाय, काडून टाका. तुजा सासरा म्हणला, काडा. मला कुणी इचारलंच न्हाय. दुसऱ्या दिवशी काडली की."

"मग? नंतर त्रास नाही झाला?"

"लई झाला. सावलीत बसलं तरी आंगाची आग. थंडीच्या दिवसात पांघरूण फेकून द्यायची मी. रडू यायचं, कशाला ते कळंना. हाडं तर तवापासनं जी दुकत्यात ती आज पतोर. मला वाटलं, कुणीतरी करणी केली माज्यावर. ताईत बांदला, उतारा टाकला, उपास धरले." ईरम्मा तिच्याकडे वळली. "तुज्या डॉक्टरनीनं सांगितलं का, ती आग कशाची असती?"

शिवलीला उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं होतं ते तिला जेवढं आठवलं तेवढं तिने सासूला सांगितलं. अंडाशय थकतात, हार्मोन कमी होतात, त्याने आग होते, झोप जाते, हाडंही ठिसूळ होतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर हे सगळं एकदम अंगावर येतं. ईरम्मा तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. चाळीस वर्षांपूर्वी जिच्यावर करणीचा संशय घेतला होता, त्या नणंदेचं नाव तिने हळूच घेतलं. "तिच्याशी बोलले न्हाय मी मरस्तवर," ती म्हणाली. "ती मेली, तरी गेले न्हाय." मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि मागच्या दारी जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत आत आली नाही.

पुढच्या सोमवारी शिवलीलाने सवयीने नुसता चहा घेतला आणि डबा न घेताच निघाली. ईरम्माने दारात अडवलं. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, डब्यात तुरीची घट्ट डाळ आणि वर मेथीची भाजी. "ऊटा माड," म्हातारी कानडीत म्हणाली, जेव म्हणून. मग मराठीत, "देवाला मी सांगते काय सांगायचं त्ये. तू जा."

शेडमध्ये दुपारी तिने डबा उघडला तेव्हा ओळीतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुगराबींनी आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं पुढे केलं, मग लिंगायताच्या घरची आहे हे आठवून मागे घेतलं. शिवलीलाने पहिला घास तोंडात घातला. काहीतरी व्हायला हवं होतं, पाप लागल्यासारखं किंवा सुटल्यासारखं. काहीच झालं नाही. डाळीत मीठ थोडं कमी होतं. ती चावत राहिली.

सलाईनं झाली. हंगाम संपता संपता रक्त नवाच्या वर गेलं. जिना चढताना छाती धडधडायची ती कमी झाली, केस गळायचे तेही. वजन जिथल्या तिथे होतं. पाळी अजून मनाला येईल तेव्हाच यायची, पण गोळ्यांनी तिचा जोर मोडला होता. वाफा तर कुठेच गेल्या नव्हत्या. फरक एवढाच, की आता वाफ उठली की शिवलीला पायडलवरचा पाय काढून स्वस्थ बसायची आणि समोरच्या मुलीला म्हणायची, "थांब जरा. जाऊ दे तिला." मुलीला सुरुवातीला कळायचं नाही. मग कळायला लागलं. तिने तो सोळा तास उपाशी राहायचा व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाकला की नाही, शिवलीलाने कधी विचारलं नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती सकाळी भाकरी-उसळ खाऊन सिद्धरामेश्वराच्या देवळात गेली. ईरम्मा म्हणाली होती, मी सांगितलंय देवाला, तरी तू एकदा जाऊन ये. बायकांची रांग बाहेरपर्यंत आली होती. पुढच्या बाईने ओळख काढण्यासाठी मागे वळून विचारलं, "निरंकार की फराळाचा?"

"उपास नाही माझा," शिवलीला म्हणाली.

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंड पुढे वळवलं. शिवलीला ओशाळली. आत गाभाऱ्यापाशी पोचली तेव्हा देवाशी काय बोलायचं हे ठरवून आलेलं सगळं विसरली. तिने नुसते हात जोडले. मागच्या बायका पुढे ढकलत होत्या.

बाहेर येऊन ती देवळाभोवतीच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसली. पाय दुखत होते. पाण्यावर ऊन पडलं होतं. मानेपासून कानांपर्यंत वाफ चढत आली, ब्लाउज भिजलं, मग हळूहळू ओसरली. घरी जाऊन संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता, जाताना मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या होत्या. तिने पदराने मान पुसली आणि आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिली.